गोजरबाईचं प्रेशर

"आजी, मी सांगेपर्यंत बोलायचं नाही," समीक्षा म्हणाली आणि तिनं गोजरबाईच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

गोजरबाईला गप्प बस म्हणणं म्हणजे कोंबडीला उकरू नको म्हणण्यासारखं. पण ती गप्प बसली. पट्टा आवळत गेला, मग सावकाश सैल पडत गेला, आणि तेवढा वेळ त्या पोरीची बोटं तिच्या मनगटावर होती. म्हातारीचं सगळं लक्ष त्या बोटांकडे. नवरा महिपत जाऊन बरेच पावसाळे झाले. मुलगा अनिल बायकोपोरांना घेऊन आटगावला राहतो, तिथं गोदामात कामाला आहे, होळीला आणि गणपतीला येतो. फोनवर "आये, गोळी घेतेस ना?" एवढं विचारतो आणि ती "घेते" म्हणाली की त्याचं कर्तव्य संपलं. आता माणसाच्या हाताला माणसाचा हात लागावा असं तिच्या दिवसात उरलं होतं काय? काही नाही.

"अजून वरच आहे हो," समीक्षा काळजीनं म्हणाली.

गोजरबाईनं चेहरा वाईट केला. आतून मात्र तिला गोड गोड वाटत होतं.

सिद्धगडाच्या पायथ्याची ही वाडी तशी मुरबाडपासून फार लांब नाही, पण वाट सोडून इकडे कोणी उगाच येत नाही. भातकापणी चालू असताना तालुक्याच्या डॉक्टरांचं शिबिर झालं आणि वाडीतल्या बऱ्याच जणांना प्रेशर असल्याचं निघालं. गोजरबाईला निघालं, शेजारच्या भिमीला निघालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्यासोबत ही समीक्षा होती, कल्याणकडच्या कॉलेजात शिकणारी. तिनं सगळ्यांना चावडीवर बसवून समजावलं की आपल्या रक्तात प्रथिनं असतात आणि लोखंडाला हवेनं गंज चढतो तसा काहीसा गंज त्यांनाही चढतो. प्रेशरवाल्यांना जरा जास्तच. काही गोळ्या प्रेशर तर उतरवतातच, पण हा गंजही थांबवतात की काय, ते तिला शोधायचं होतं. त्यासाठी गोळी सुरू करण्याआधीचं रक्त हवं आणि नंतरचंही, अधूनमधून.

गोजरबाईनं लगेच विचारलं, विळ्याला गंज चढू नये म्हणून आमी तेल लावतो, मग गोळी कशाला, चमचाभर तेलच प्यायलं तर? समीक्षा इतकी हसली की हातातली सुई तिला बाजूला ठेवावी लागली. त्या हसण्यानंच घात केला म्हणायचा. त्या दिवशी म्हातारी घरी आली ती ठरवूनच. ही पोर येत राहिली पाहिजे.

आता येत राहण्याचा कायदा गोजरबाईला चांगला ठाऊक होता. महिपतला टीबी झाला तेव्हा आशाताई रोज दारात यायच्या, समोर बसून गोळी गिळायला लावायच्या, चहा प्यायच्या, चार घरच्या चार गोष्टी सांगायच्या. थुंकी साफ निघाली आणि आशाताई यायच्या बंद झाल्या. अंगणवाडीतही तेच. पोर सुकलेलं असलं की बाई घरी येऊन खाऊ देते, वजन करते; पोर भरलं की विचारते कोण? भिमीचा नातू प्रज्वल धष्टपुष्ट झाला तेव्हापासून बाईनं त्यांचा उंबरा पाहिला नव्हता. दुखणं आहे तोवर माणसं. बरा झालास की तुझा तू.

म्हणून गोजरबाईची गोळी रोज सकाळी चुलीत जायची. इमानेइतबारे. भिमी कौतुकानं सांगायची, मी तर भाकरीबरोबर घेते, आणि ही म्हणायची, मी चहाबरोबर.

आणि झालं अगदी तिच्या मनासारखं. भिमीचं प्रेशर उतरलं, तिच्याकडे समीक्षा रक्त काढण्यापुरतीच थांबू लागली. गोजरबाईचं उतरेना, म्हणून तिच्याकडे बसू लागली. मीठ किती खाता, झोप लागते का, सुकी मासळी बंद करा, लोणचं बंद करा. एकदा तर रक्त काढायची पाळी नसताना नुसतं प्रेशर बघायला आली. त्या दिवशी गोजरबाईनं तिला बाहेरच्या वाफ्यातले वाल सोलून उसळ करून घातली आणि बाजूला बसून ती कशी जेवते ते बघत राहिली. पोरीनं दुसऱ्यांदा भात मागितला. अशी जेवणारी माणसं घरात असली की चुलीला पण अर्थ असतो, नाहीतर एकटीपुरतं दोन मुठी तांदूळ रांधायचा कंटाळा कोणाला येणार नाही? तिचं डोकं मधूनमधून ठणकायचं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. एवढं तर द्यावंच लागतं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

थंडी सरता सरता एका सकाळी समीक्षा आली ती रक्ताच्या नळ्या ठेवायचा बर्फाचा डबा न घेता. ओटीवर बसली, पाणीही मागितलं नाही. डोळे सुजलेले.

गोजरबाईनं विचारलं, काय गो, घरी काय झालं का?

घरचं काही नव्हतं. रक्ताचे निकाल आले होते. समीक्षा सांगत होती आणि गोजरबाई ऐकत होती. बाकीच्यांचा गंज थोडा थोडा खाली आला होता, कोणाचा कमी, कोणाचा जास्त. गोजरबाईचा उलट वाढला होता, तोही असा की सगळ्यांच्या आकड्यांना खेचून धरत होता. माणसं मुळात थोडी, त्यात हे. कॉलेजातले तिचे सर म्हणाले, औषधाचा काही गुण दिसत नाही असंच लिहावं लागेल. नाहीतर कारण शोध. तिनं कारण शोधलं, पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. आता सरांना वाटतंय हिच्याच हातून नमुने बिघडले.

"माझंच कुठेतरी चुकलंय आजी," समीक्षा म्हणाली. "आधीची तयारी धरून दोन वर्षं गेली ह्यात."

गोजरबाई चुलीकडे बघत राहिली. गप्प राहिली असती तर कोणाला कळलं असतं? चुलीनं कधी कोणाची चुगली केली आहे? प्रेशर तसंच राहिलं असतं, कारण शोधायला पोर येतच राहिली असती, कदाचित जास्तच. हे सगळं तिच्या मनात आलं. आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण समोर ती नाक ओढत बसली होती, आणि गोजरबाईनं आयुष्यात दुसऱ्याचं पीक कधी गुरांच्या तोंडी दिलं नव्हतं.

"गोळी मी खाल्लीच नाय गो," ती म्हणाली.

समीक्षाला आधी कळलंच नाही. "कधीपासून?"

"पयल्यापासून. चुलीत टाकते."

"अहो पण का? गोळीनं त्रास होत होता?"

"त्रास कसला." गोजरबाईचा आवाज बारीक झाला. "मानूस बरा झाला की कोन येतं गो? तू आली असतीस?"

आता खोटं बोलायला हवं होतं त्या पोरीनं. आले असते म्हणायला काय लागतं? पण ती सरळ मुलगी, पटकन खोटं सुचलं नाही. मग एकदम भडकली. झटका आला असता तर, अर्धं अंग गेलं असतं, अंथरुणात कोणी केलं असतं तुमचं, असं काय काय बोलली आणि बोलता बोलता रडली. गोजरबाईला इतकं रागावणारं माणूस पुष्कळ दिवसांत भेटलं नव्हतं.

रडणं ओसरल्यावर समीक्षानं गोळ्यांचं पाकीट मागितलं, एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोरून हलली नाही. मग म्हणाली की हे सरांना सांगावं लागेल. अभ्यासातून नाव काढावं लागेल.

"म्हंजे माजं रगत नको आता."

"नाही घेता येणार आजी."

"पन तुजं काम तरी सुधारलं ना?"

"सुधारलं," समीक्षा म्हणाली. जाताना तिनं म्हातारीला मिठी मारली आणि नक्की येईन म्हणाली.

पुढच्या खेपेला समीक्षाच्या स्कूटरचा आवाज आला तेव्हा गोजरबाई अंगणात नाचणी पाखडत होती. स्कूटर भिमीच्या दारात थांबली. भिमीच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं, नळी बर्फात ठेवली. अजून बरीच घरं व्हायची होती आणि उन्हाआधी कल्याण गाठायचं होतं. समीक्षानं स्कूटर वळवली, गोजरबाईकडे बघून हात उंच केला आणि गोळी घेतली का, असं तोंडापाशी बोट नेऊन विचारलं. गोजरबाईनं होकाराची मान हलवली. स्कूटर खालच्या आळीकडे गेली.

खरं तर त्या दिवशी ती गोळी अजून घ्यायची राहिली होती. गोजरबाईनं सूप भिंतीला टेकवलं, आत जाऊन तांब्यातलं पाणी घेतलं आणि घोटाबरोबर गोळी गिळली. आता बरं व्हायला काहीच हरकत नव्हती.