शिवणवर्गातला मधला स्पीकर

मित्रांनो, टीव्हीच्या खाली एक आडवी, लांबट, काळी पेटी ठेवलेली असते. बघणारे पडद्याकडे बघतात, त्या पेटीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती पेटी म्हणजे मी. मला मधला स्पीकर म्हणतात. उजव्या-डाव्या स्पीकरांच्या वाट्याला गाणी, वादळं आणि घोड्यांच्या टापा येतात. मागच्यांना पाऊस मिळतो. माझ्या वाट्याला येतं ते माणसांचं बोलणं. जन्मभर मी बोलत आलो, पण त्यातलं एक वाक्य माझं स्वतःचं नाही. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतो आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भुशाच्या दाबलेल्या फळ्या कापून माझी पेटी केली. तिच्यात दोन कागदी शंकू बसवले आणि दोघांच्या मधोमध एक चिमुकली रेशमी टिकली. आम्ही पाच भावंडं होतो. आमचा आवाज एका घराण्याचा, अशी कारखान्यात ख्याती होती. पुढे आम्ही एका दुकानात आलो. एक गृहस्थ आम्हाला घ्यायला आले, पण त्यांच्या कपाटाच्या खणात मी मावेना. चार बोटांनी जास्त भरलो. त्यांनी कपाट बदललं नाही, मला वगळलं. चौघं गेले. निरोपाचा प्रश्नच नव्हता. आमच्या वायरी कधीच सोडवलेल्या होत्या.

मग मी दुकानाच्या मागच्या फळीवर पडून राहिलो. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. दुकानदार माझ्यावर चहाचा पेला ठेवायचा. त्याची गोल खूण अजून माझ्या डोक्यावर आहे. दुकानात दिवसभर आवाज असायचा, आणि मला मात्र कुणी जोडत नव्हतं. बोलण्यासाठी जन्माला यायचं आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकत धूळ खायची, याहून एकटेपणा तो काय असतो?

एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. गळ्यात शिंप्याचा टेप, बाहीला दोन टाचण्या. दुकानदाराने विचारलं, "खोली केवढी आहे, मावशी?"

"बत्तीस फूट लांब, अठरा रुंद. माझा शिवणवर्ग होता तिथे. बावीस मशिनी बसायच्या. आता बंद केला, मशिनी विकल्या. त्याच पैशांत टीव्हीचे स्पीकर बसवायचेत, आधीच सांगून ठेवते."

दुकानदाराने लगेच पाच स्पीकरांचा खोका पुढे केला. "हे घ्या. स्वस्तात मस्त. चहूबाजूंनी आवाज येतो."

बाईंनी त्यातला एक स्पीकर काढून तळहातावर तोलला. "हा तर साबणाच्या वडीएवढा आहे. एका शर्टाच्या कापडात पाच जणांचे शर्ट बेतले, तर पाचही जण उघडे पडतात हो. मला पाच नकोत. मागून पाऊस नाही पडला तरी चालेल. समोरच्याचं बोलणं कळलं पाहिजे."

मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान चौतीस वर्षं छापखान्यात मशीनवर होते. त्या धडधडीने कान गेले. आधी त्यांनी टीव्ही बघणं सोडलं, मग लोकांत जाणं सोडलं, आणि आता "काय म्हणालीस?" असं विचारणंही सोडलं होतं. एकाच घरात दोघं दोन खोल्यांत बसत. "मला सिनेमाचं वेड नाही," बाई म्हणाल्या. "मला शेजारी माणूस पाहिजे."

दुकानदार त्यांना ऐकण्याच्या खोलीत नेऊ लागला. ती जेमतेम दहा फुटांची. बाई दारातच थांबल्या. "इथे काय, डासही सिंहासारखा गर्जेल. लांब जागा दाखवा." शेवटी मागच्या गोदामात जाऊन त्यांनी स्वतः टेपाने अंतर मोजलं, तिथे एक स्टूल ठेवलं, पिशवीतून कापूस काढला आणि दोन्ही कानांत बोळे घातले.

"मावशी, हे काय?"

"माझ्या कानांनी ऐकून काय उपयोग? ज्याला ऐकायचंय त्याचे कान आणलेत. लावा."

मित्रांनो, त्या दिवशी एकामागून एक नऊ स्पीकर बोलले. नव्या कोऱ्या, चकचकीत स्पीकरांचा ढोल तेवढा पोचायचा. बाई मान हलवायच्या. शेवटी दुकानदाराने वैतागून पेला उचलला आणि मला जोडलं. दोन वर्षांनी माझ्या अंगातून आवाज गेला. बातम्या सांगणारी कुणी बाई होती. काय सांगत होती ते मला आठवत नाही. स्टुलावरच्या बाई एकदम सावरून बसल्या, एवढं आठवतं.

"हाच."

"अहो, पण हा एकटाच उरलाय. जुने, मोठे दोन आहेत माझ्याकडे, ते याच्या दोन बाजूंना देतो. मोठ्या खोलीला ते पुरतील. पण कंपनी वेगळी. तिघांचा सूर जुळायचा नाही."

"आमच्या दोघांचा तरी कुठे जुळतो? छत्तीस वर्षं चाललंय."

अशा रीतीने मी शिवणवर्गात आलो. खोली खरोखर प्रचंड होती. फरशीवर मशिनींच्या पायांच्या खुणा होत्या, फटींतून रंगीत दोरे डोकावत होते. पहिल्या रविवारी दुपारी बाईंनी यजमानांना हाताला धरून आणलं. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणतो. काका आढेवेढे घेत खुर्चीत बसले. सिनेमात एक बाई नवऱ्याला काहीतरी सांगत होती. काका पुढे झुकले, आणि ओरडलेच, "अगं, 'किल्ली तुमच्या खिशातच आहे' म्हणतेय ती! मला कळलं!"

बाईंनी पदराला हात पुसल्यासारखं केलं. हात ओले नव्हते.

त्या आनंदातच त्यांनी पुढच्या आठवड्यात मला एक अंगरखा शिवला. जाड मखमल, आतून अस्तर, दोन्हींच्या मध्ये कापसाची घडी, कडेने पाइपिंग आणि पाठीवर अकरा बटणं. धूळ बसू नये म्हणून. बाई हसून म्हणाल्या, "आता कसा राजा दिसतोय!" खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. तोवर माझ्या मापाचं कुणी काही शिवलं नव्हतं. जिथे मी मावलो नाही म्हणून मला टाकलं होतं, तिथपासून मी इथवर आलो होतो.

पण तो अंगरखा बाई वाजवतानाही काढत नसत. अकरा बटणं रोज कोण सोडणार? त्यांच्या तल्लख कानांना फरकही कळेना. मी मात्र आत गुदमरत होतो. शब्दांच्या कडा कापसात अडकायच्या. बाहेर जायची ती नुसती गुणगुण.

काका काही बोलले नाहीत. रविवारी ते वेळेवर येऊन बसत. बाई हसल्या की हसत, त्यांच्या पाठोपाठ, अर्ध्या श्वासाच्या अंतराने. बाई आत पाणी प्यायला गेल्या की मी कितीही विनोद सांगितले तरी काकांचा चेहरा कोराच. ते पडदा बघत नव्हते. ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाईंचे खांदे बघत होते. हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते. दुसऱ्यांचे हजारो होते, त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, आणि त्यांच्यामध्ये पुन्हा तीच भिंत. फक्त बाईंना ती दिसत नव्हती.

पाच महिने असे गेले. मग एका रविवारी सिनेमात एक म्हातारा खाटेवर पडला होता आणि मुलाशी शेवटचं बोलत होता. बाईंचे खांदे गदगदले. काका मोठ्याने हसले.

बाई गर्रकन वळल्या. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी सिनेमा थांबवला आणि काकांच्या कानाशी जाऊन विचारलं, "हसलात?"

"विनोद होता ना?"

"अहो, तो मेला!"

काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"केव्हापासून ऐकू येत नाहीये?"

"झाले चार-पाच महिने."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? पोटच्या पोरींसारख्या मशिनी विकल्यास तू. पहिल्या दिवशी ऐकू आलं, मग आलंच नाही. म्हटलं, संपले आपले कान. आता हे तुला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

बाई तशाच वळल्या. मग आत गेल्या, कापूस घेऊन आल्या, कानांत बोळे घातले आणि काकांना उठवून त्यांच्या खुर्चीत बसल्या. म्हाताऱ्याचं बोलणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी जीव तोडून बोललो. बाई ऐकत राहिल्या, म्हणजे ऐकू न येणं ऐकत राहिल्या. मग त्यांची नजर पडद्यावरून खाली उतरली आणि माझ्या मखमलीवर थांबली.

त्या कात्री घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"अगं, मागे बटणं आहेत की," काका म्हणाले.

बाईंच्या कानांत अजून बोळे होते. पुरं झालेल्या शिवणीला कात्री लावायची नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं वर्गातल्या पोरींना बजावलं होतं. त्यांनी छातीपासून सरळ काप घेतला. मखमल, कापूस, अस्तर, सगळं एकदम उघडलं, आणि खाटेवरचा म्हातारा खोलीभर स्पष्ट म्हणाला, "मला खिडकीपाशी न्या."

"खिडकीपाशी न्या म्हणतोय," काका म्हणाले.

बाई फरशीवर बसूनच राहिल्या. त्यांचे खांदे पुन्हा हलू लागले. या खेपेला काका हसले नाहीत. जवळ जाऊन त्यांनी बाईंच्या एका कानातला बोळा काढला आणि म्हणाले, "रडतेस काय? कान शाबूत आहेत माझे. तूच माझ्या आधी बहिरी होशील."

त्यानंतरची सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. दर रविवारी मी बोललो आणि काका बाईंच्या आधी हसले. पण कान हळूहळू विझतच होते, ते कुणाच्या हातात नव्हतं. एक रविवार असा आला की मी पूर्ण उघडा होतो, आवाज शेवटच्या टोकाला होता, आणि काकांनी नुसती मान हलवली. "नाही," ते म्हणाले. या वेळी त्यांनी लपवलं नाही.

दोन्ही बाजूंचे मोठे स्पीकर बाईंनी एका शाळेला दिले. मी पुन्हा एकटा उरलो. मला वाटलं, आता आपलीही फळी ठरलेली. पण मला त्यांनी ठेवलं. आता रविवारी बाई स्टूल ओढून पडद्याकडे पाठ करून काकांच्या समोर बसतात. मी हळू आवाजात बोलतो, कारण मला एकट्या बाईंपर्यंतच पोचायचं असतं. त्या ऐकतात आणि तोंड मोठं उघडून, हातवारे करून तेच काकांना सांगतात.

तेच म्हणजे अगदी तेच नव्हे. बाईंना लबाडी फार. परवाच्या सिनेमात मुलगा घर सोडून गेला.

"सगळे रडतायत की," काका म्हणाले.

"आनंदाने! नोकरी लागली त्याला!"

मी तर स्पष्ट सांगितलं होतं की तो परत येणार नाही. काका कधी बाईंच्या ओठांकडे बघत होते, कधी पडद्यावरच्या बंद दाराकडे. म्हणाले, "बरं झालं. पगार चांगला आहे ना?"

"भरपूर!"

कुणी कुणाला फसवलं, देव जाणे. ते दोघं हसत होते आणि मी बाईंच्या पाठीशी बोलत होतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या वस्तू जरूर पुसा, झाका, जपा. पण त्या कामाला लागल्या की त्यांच्या अंगावरचं पांघरूण काढत जा. आणि तुमच्या घरात कुणी थकलेल्या कानांचं असेल, तर त्याला "ऐकू येतंय ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला सगळे "हो"च म्हणतात. "काय ऐकलंत?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा. बाई आता तसंच विचारतात. मग काका त्यांना सगळा सिनेमा पहिल्यापासून सांगतात. तो माझ्या सिनेमापासून फार लांब गेलेला असतो. कुणी मरत नाही, घर सोडून कुणी जात नाही. तोवर बाईंनी माझं बटण बंद केलेलं असतं, आणि मी अंधाऱ्या पेटीत गप्प राहून ऐकत असतो.