परातीतला भूकंप

"ऊठ रं बाळा…"

ही हाक गेणबाला छप्पन वर्षं ऐकू येत होती. मेंढरं विकली, घोडी गेली, पालांच्या जागी सिमेंटची घरं आली, भीमेचं पाणी उसाला लागलं, तरी हाक काही सरली नाही. राहू गावाजवळच्या त्या वस्तीवर शेंबड्या पोरालाही ती पाठ होती. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा गेणबा बापाबरोबर मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेवर होता. त्या पहाटे देवी स्वतः आली, "ऊठ रं बाळा" म्हणाली, पोरगं उठलं आणि एकही मेंढरू दगावलं नाही! जत्रेत ओव्या म्हणणाऱ्यांनीसुद्धा ही कथा ढोलावर चढवली होती.

त्या हाकेत पुढं आणखी काही शब्द होते. ते मात्र गेणबानं कुणालाच सांगितले नव्हते. बायकोला, सगुणाबाईलाही नाही.

आणि आज त्याच हाकेच्या जोरावर धरणीनाथ महाराज देवळाच्या ओट्यावर मांडी ठोकून बसला होता.

रविवारची सकाळ. सगळी वस्ती देवळापुढं लोटलेली. बाया पदर सावरत पायरीला टेकलेल्या, गडी चपला हातात घेऊन उभे, पोरं बापांच्या खांद्यावर. ओट्याच्या कडेला घरोघरच्या घोंगड्यांचा ढीग रचलेला, आणि मधोमध गेणबाचं जुनं काळं घोंगडं घडी करून अंथरलं होतं. त्या पहाटे त्याच्या अंगावर होतं, तेच. घोंगड्यावर लाकडी पाट, पाटावर पितळी परात, परातीत बोटभर पाणी आणि पाण्यावर भंडाऱ्याची पिवळीजर्द साय.

"बोल माते!" महाराजानं डोळे फिरवले. "ह्या वस्तीची लोकर परमुलखात धाडू काय?"

घंटा घणघणली. सगळ्यांच्या नजरा परातीत. आणि पाणी थरथरलं! कुणी हात लावला नाही, वाऱ्याची झुळूक नाही, तरी भंडाऱ्याची साय फाटली आणि गोल गोल लाटा परातीच्या काठाला जाऊन लागल्या.

"आई गं!" बायांनी हात जोडले.

"बघा! कंपन! याला इंग्लिशमंदी व्हायब्रेशन म्हणत्यात," महाराज म्हणाला. "सायन्स आत्ता कुठं इथवर पोचलंय. मी गेली बारा वर्सं ह्यातच हाय. माता म्हणती, लोकर वस्तीभायेर गेली तर धरणी जशी नेपाळात हालली तशी हितं हालंल. मग घरं ऱ्हायची न्हाईत. समदी घोंगडी माझ्या मठात शांतीला ठेवा. ठेवू काय, माते?"

पाणी निपचित झालं. वस्तीचा जीव भांड्यात पडला.

गेणबा खांबाला टेकून बसला होता. येणारा जाणारा त्याच्याही पाया पडत होता. तो पाय आखडून घेत होता, आणि लोकांना तो विनय वाटत होता.

खरं तर ही घोंगडी मठात जाण्यासाठी जमलीच नव्हती. दिवाळीच्या तोंडावर नेपाळच्या पश्चिम डोंगरात भूकंप झाला. यवतच्या ढाब्यावर स्वयंपाक करणारा टेकबहादूर तिकडचाच. सहा वर्षं तो इथल्या लोकांना पिठलं-भाकरी खिलवत होता. त्याचं गाव कुठलं, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तो तंदुरीपाशी उभा राहून मोबाइलकडं बघत ढसाढसा रडला. त्याची आई आणि बहिणीची तीन पोरं वाचली होती, पण घर दगडमातीचा ढिगारा झालं होतं. उघड्यावर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली रात्री काढत होती. गावाची दशा अशी की, शेजाऱ्याकडं मागावं तर शेजाऱ्याचंही घर पडलेलं.

गेणबाची सून पूनम झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती ढाब्यावर जेवायला गेलेली, तेव्हा तिनं त्याचं रडणं पाहिलं. वस्तीवर येऊन एवढंच म्हणाली, "आपल्या प्रत्येक घरात फडताळावर घोंगडी पडून आहेत. आता कोण पांघरतं? तिकडं माणसं गारठून मरतायत."

आणि लोकांनी दिली हो! मेंढरं गेली तरी माया गेलेली नव्हती. लग्नातली, बारशातली, हातानं विणलेली घोंगडी बायांनी झटकून, ऊन दाखवून आणली. सगुणाबाईनं तर आपल्या सासूनं विणलेलं दिलं, आणि देताना ओवी म्हणाली:

काळं गं घोंगडं, त्याला धवळी किनार,
थंडीच्या वाटसरा, देते उबेचा शेजार.

गेणबानं मात्र आपलं घोंगडं दिलं नव्हतं. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला होता.

तीन दिवसांपूर्वी शिरूरकडून जीप आली, जीपमधून महाराज उतरला, आणि त्यानं पहिला प्रश्न केला तो असा, "देवीनं ज्याला हाक मारली तो भाग्यवान कुठाय?" गेणबाचं घोंगडं त्यानं पाया पडून मागून घेतलं. नको म्हणायला गेणबाच्या तोंडातून शब्द निघाला नाही. नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं.

आता घोंगडी पुण्याला न्यायला ठरवलेला अयुबचा टेंपो देवळासमोर येऊन थांबला. टेंपोतून टेकबहादूर उतरला, ढाब्यावरचा ॲप्रन अजून कमरेलाच.

"ओ, भरायचं का न्हाई?" अयुबनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पुण्यातून मदत धाडणाऱ्या संस्थेचा ट्रक चार वाजता नेपाळच्या हद्दीकडं, गोरखपूरला सुटतोय. नंतर पंधरा दिवस न्हाई."

"अयुबभाई, गाडी माघारी न्या," बबनराव पुढं झाले. सोसायटीचे माजी चेअरमन, वस्तीचा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा. "देवीचा कौल न्हाई."

"कौल? चार दिसांमागं तर तुम्ही सोता धा घोंगडी मोजून दिली."

"तवा परात हालली नव्हती."

टेकबहादूर ओट्यापाशी आला. ओट्यावरच्या घोंगड्यांच्या ढिगाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आई के लिए एक तो… एक तरी द्या ना."

पूनमच्या कपाळाची शीर उडाली. तीन दिवस ती समजावून थकली होती. वर्गातली पोरं प्रश्न विचारतात, त्यांचे आईबाप मान डोलावतात, याचं तिला रडू येत होतं आणि रागही. पण आज ती परातीकडं बघत नव्हती. ती महाराजाच्या शिष्याकडं, महेंद्रकडं बघत होती. सकाळी ह्यानंच सगळ्यांचे मोबाइल गोळा करून पोत्यात बांधले होते. म्हणे लहरी आडव्या येतात. आणि आता गर्दीच्या मागं उभा राहून पठ्ठ्याचा उजवा हात काही खिशातून निघत नव्हता. परातीतलं पाणीही कसं थरथरायचं? थोडं थरथर, मग गप्प. पुन्हा थोडं थरथर, मग गप्प. शाळेच्या टेबलावर तिचा फोन असाच थरथरायचा.

"महाराज," ती ओट्यावर चढली आणि एकदम हात जोडले. "माझं चुकलं. मीच एकदा देवीला विचारते. पण आधी तिचा जयघोष होऊ द्या. सगळ्यांनी दोन्ही हात वर करा बरं! कुणाचा हात खाली राहिला तर देवी कोपेल. ओ महेंद्रदादा, तुम्ही पण! शिष्यानंच हात खाली ठेवायचा का?"

सगळी वस्ती मागं वळून बघायला लागली. महेंद्रला हात खिशातून काढावाच लागला.

"हात वरच ठेवा! माते, घोंगडी नेपाळला धाडू काय?"

पाणी हललं नाही.

"लोकर परमुलखात चाललीय, माते! सगळीच्या सगळी!"

पाणी गप्प. भंडाऱ्याची साय आरशासारखी. महाराजाच्या कपाळावर मात्र घामाचे थेंब.

"माता नाराज हाय," तो पुटपुटला. "बाईमाणसानं ओट्यावर…"

"माता बाईच आहे की!" पूनम म्हणाली. तिनं परात उचलून बाजूला ठेवली आणि पाट उलटा केला.

पाटाच्या पोटाला चिकटपट्टीनं मोबाइल चिकटवलेला होता.

तिनं तो वर धरला. "आवाज बंद, थरथर चालू. मागून फोन लागला की हा थरथरतो, ह्याच्यासंगं पाट, पाटासंगं परात. फोनची घुरघुर ऐकू येऊ नये म्हणून वर घंटा आणि खाली घोंगडं. लोकर आवाज गिळते. आबांचं घोंगडं ह्यांना भक्तीसाठी नको होतं, ह्याच्यासाठी हवं होतं." तिनं पडद्यावरची नावं वाचली. "महेंद्र. महेंद्र. महेंद्र. देवी फोन उचलत नाही वाटतं."

"माता कुठल्याबी रूपात येती!" महाराज ओरडला.

"मग तिला रिचार्ज कोण मारतं?" अयुब गाडीतूनच म्हणाला, आणि पोरं खदाखदा हसली.

मग गलका झाला. कुणी पोतं सोडून आपापले मोबाइल हुडकू लागलं, कुणी महेंद्रची कॉलर धरली. त्या गोंधळात महाराज जो पळाला तो एक खडाव ओट्यावर आणि एक पायरीवर टाकून. जीप धुरळा उडवत गेली. घोंगडी तेवढी वाचली.

"जमिनीखाली खडकाची थोरली थोरली ताटं असतात," पूनम सांगत होती. दम लागला होता तरी सांगत होती. "नेपाळखाली ती एकमेकांवर रेटतात. रेटा सुटला की वरचं सगळं हलतं. त्याचा आपल्या लोकरीशी काय संबंध? चला, भरा गाडी."

कुणी हललं नाही.

"पूनमबाई, त्यो लबाड निघाला, कबूल," बबनराव घसा खाकरत म्हणाले. "पण एक इचारतो. महाराज खोटा, म्हून देवी खोटी व्हती काय? गेणबाआबांना हाक आली व्हती. ती तर मोबाइलनं न्हवती. तवा ह्या घोंगड्यात देवीचं रक्षण हाय, हे खरंच की. त्ये वस्तीभायेर कशाला घालवा? नेपाळवाल्यांना सरकार देईल."

"व्हय, व्हय," मागून माना हलल्या. एका बाईनं ढिगातून आपलं घोंगडं ओढून घेतलं. मग दुसरीनं. सगुणाबाईनंही सासूच्या घोंगड्याला हात घातला आणि नवऱ्याकडं बघितलं.

पूनम पायरीवर मटकन बसली. खोटं हातात धरून दाखवलं, तरी त्याच्या मुळाशी असलेलं आणखी जुनं खोटं तसंच शाबूत होतं. ते उपटायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. टेकबहादूरनं टेंपोचा उघडलेला मागचा फाळका हळूच लावायला घेतला.

त्या फाळक्याचा आवाज गेणबाच्या छातीत वाजला.

तो उठला. ओट्यावरचं आपलं घोंगडं त्यानं उचललं.

"थांब रं टेक्या. लावू नगं." मग तो वस्तीकडं वळला. "मला कुण्या देवीनं हाक मारली न्हाई."

"आबा, असं काय बोलता?" बबनराव दचकले.

"ऐका. मधी बोलू नगा, न्हाईतर मी पुन्यांदा गप बसंन. त्या पहाटं धरणी हालली. आमी उघड्या माळावर व्हतो. डोक्यावर छप्परच न्हाई तर पडंल काय? म्हून मेंढरं वाचली. दुसरं कायबी कारण न्हाई. बा पांगलेली कोकरं गोळा कराया गेला. मी एकला, ह्याच घोंगड्यात. तवा खालच्या गावातनं एक बाई आली. अंगावर धड लुगडं न्हाई, पदरात तान्हं. घर पडलं व्हतं तिचं. मला हाक मारली. आन् मी डोळं मिटून पडून ऱ्हायलो. झोपल्याचं सोंग केलं. थंडी लई व्हती, आन् मला माझं घोंगडं सोडायचं नव्हतं."

सगुणाबाईच्या हातातलं घोंगडं तसंच राहिलं.

"लई येळ उभी व्हती. मग गेली. बा आला, म्हनला, कोण हाक मारत व्हतं रं? मार बसंल म्हून मी म्हनलो, देवी. बा माझ्या पाया पडला! सोताचा बा! मग खरं कसं सांगू? ती गोष्ट त्यानं समद्या पालांवर सांगितली आन् तुमी ढोलावर वाजवली. ते लेकरू जगलं का मेलं, मला ठावं न्हाई. छप्पन वर्सं ठावं न्हाई."

गेणबा टेकबहादूरकडं चालू लागला.

"धरणीला कान न्हाईत, डोळं न्हाईत. कुणाचं घोंगडं कुठं गेलं ती बघत न्हाई. बघायचं आपुन असतंय. ही पोर शाळेत जे शिकवती ते खरं हाय, ते ध्यानात धरा. आन् पुढं कुणी चमत्कार सांगितला, तर आधी इचारा, ह्यो माणूस काय झाकतोय? मला कुणी इचारलंच न्हाई."

त्यानं ते काळं घोंगडं टेकबहादूरच्या खांद्यावर ठेवलं.

"तुझ्या आईला दे. आन् तुमी… हाक आली व्हती, हे खरं. पण मी अर्धीच सांगितली. आज समदी ऐका. ती म्हनली, 'ऊठ रं बाळा. लेकरू काकडलंय माजं. घोंगडं हाय का रं?'"