फांदीत रुतलेली तार

मी एक जुनी तांब्याची तार आहे. मित्रांनो, मला पाहायचे असेल तर खिडकीतल्या एका बुटक्या झाडापाशी जरा वाकावे लागेल, कारण निम्मी मी आता सालीच्या आत गेले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ओढून ओढून मला लांब केले आणि एका मोठ्या पंपाच्या मोटारीत गच्च भरले. तिथे मी इमानेइतबारे राबले. एके दिवशी मोटार जळाली आणि वाइंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानातल्या कारागिराने मला उपसून काढले. बाकीच्या तारा भंगारात गेल्या. मी जाड, त्यात आगीने मऊ झालेली, म्हणून त्याने मला डब्यात टाकून ठेवले. पुढे कितीतरी वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

कारागीर म्हातारा झाला, दुकान बंद झाले. रिकामा वेळ त्याला खायला उठला. तेव्हा कुठे त्याला बोन्सायचे वेड लागले. त्याने फायकसचे, म्हणजे वडाच्या जातीतले एक रोप आणले, मुळे छाटून उथळ कुंडीत बसवले आणि फांदीला वळण द्यायला मला बाहेर काढले. जन्मभर मोटारी भरलेला हात तो! त्याने मला असे काही आवळले की फांदी करकरली.

"अहो, झाड आहे ते, मोटार नव्हे!" बायको हसत म्हणाली.

तोही हसला. त्याने मला सोडवून पुन्हा अलगद गुंडाळले. हळूहळू फांदी झुकू लागली. शेजारी येऊन त्याच्या हाताचे कौतुक करत, आणि मी उगाच मनातल्या मनात फुगत असे. "फांदीनं वळण धरलं की तार कापून टाकायची," तो बायकोला सांगायचा. मला त्याचे वाईट वाटत नसे. काम झाले की बाजूला व्हायचे, हे मला मान्य होते.

पण त्याआधी तोच गेला. सकाळी चहा पिता पिता, खुर्चीतच.

बायको त्या झाडाला जिवापाड जपते. वेळेवर पाणी घालते, ऊन सरकेल तशी कुंडी सरकवते. पानांवरची धूळसुद्धा ओल्या फडक्याने पुसते. मग माझ्या वेढ्यांवरून बोट फिरवत बसून राहते.

झाड मात्र वाढतच होते. फांदी जाडावली, माझ्यात मावेना. मला सैल होता येत नाही, मित्रांनो. मी रुतत गेले. जिला मी वळण दिले तिचाच गळा मी आवळते आहे, आणि मला साधे रडताही येत नाही. आता टोकाची पाने पिवळी पडून गळू लागली आहेत.

आज मुलगी कटर घेऊन आली. "आई, बाबाच म्हणाले होते ना, तार कापायची?"

"नको गं. त्यांच्या हातचे वेढे आहेत. तेवढे तरी राहू दे मला."

मुलीचे डोळे भरून आले. कटर खिडकीत ठेवून ती आत गेली. आईने आज पाणी जरा जास्तच घातले. "का रुसलास रे? काय कमी केलं मी तुला?" असे ती झाडाला विचारत होती.

मित्रांनो, माझा आवाज तिला ऐकू जात नाही. तुम्ही तरी तिला सांगा. त्याच्या हातचे वळण आता फांदीत उतरले आहे, ती जगली तरच ते राहील. मला कापा म्हणावे. जरा घाई करा, टोकाला अजून थोडी पाने हिरवी आहेत.