टू-स्ट्रोकवरचा ठपका

मित्रांनो, मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. डांबरी रस्त्यावर मिरवणारी नव्हे हं. दगडधोंडे, चिखल आणि उभे चढ हेच माझे रस्ते. माझ्या नाकावर राग आहे हे आधीच कबूल करते. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत सहा वर्षं ताडपत्रीखाली उभं राहावं लागलं असतं, तर तुमच्याही नाकावर तो आला असता.

माझे भाग कुठल्याशा कारखान्यात तयार झाले, पण मला घडवलं ते मिस्त्रींनी. चौकट एका मोडक्या गाडीची, इंजिन दुसरीचं, टाकी तिसरीची. घरामागच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी मला सात महिने खपून उभं केलं, ते आपल्या लेकीसाठी. ही लेक चणीनं इतकी बारीक, की सगळे तिला चिमणीच म्हणत. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. घर सांभाळायची ती मिस्त्रींची बहीण, म्हणजे चिमणीची आत्या. मी हलकी होते. पडले तरी चिमणी मला एकटीनं उचलून उभी करू शकायची. मिस्त्रींनी टू-स्ट्रोकच निवडली त्याचं हेच खरं कारण होतं.

माझ्या जातीच्या इंजिनाची एक खोड आहे. आम्हांला तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. माझा हिशोब लिटरला तीस मिली. ते विसरलं, तर पिस्टन कोरडा घासत राहतो, तापून फुगतो आणि जागच्या जागी जाम होतो. म्हणून मिस्त्रींची एक पद्धत होती. कॅनमध्ये तेल घालायचं, कॅन चांगला हलवायचा आणि लगेच त्याच्या गळ्याला फडकं बांधायचं. फडकं बांधलेला कॅन तो माझा. बिनफडक्याचा कॅन बाकीच्या गाड्यांचा. आत्या घरभर फडकी गोळा करून धूत असत, पण त्या एका फडक्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

नऊ वर्षं मी चिमणीला पाठीवर घेऊन धावले. निळसर धूर सोडत, कानठळ्या बसवत. शेजारी कुरकुरायचे, पण शर्यत जिंकून आलो की तेच फाटकाशी उभे राहून "आली का आपली गाडी?" असं विचारायचे. "आपली" म्हणायचे बरं का. कौतुक मला फार आवडायचं. ते सरेल, असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

मग ती आली. फोर-स्ट्रोक. चिमणीच्या प्रशिक्षकांनी ती आणली होती. संघात एकच जागा रिकामी होती आणि त्यासाठी चाचणी व्हायची होती. नियम असा, की चाचणीनंतर जी गाडी ठरेल तीच पूर्ण हंगामभर चालवायची. ह्या नव्या बाईंना पेट्रोलमध्ये तेल लागत नव्हतं. त्यांच्या पोटात तेलाची वेगळी सोय होती. आवाज घुमणारा, वागणं शांत. मी इंजिनाच्या प्रत्येक फेरीला काम करते. ती एक फेरी काम करते आणि एक फेरी दम खाते. हे मी चिडून सांगते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. खरं सांगायचं तर उतारावर ती माझ्यापेक्षा कितीतरी सांभाळून उतरायची, आणि मऊ मातीत तिचं चाक माझ्यासारखं उगाच भिरभिरायचं नाही.

गॅरेजच्या दारात वाद रंगला.

"मिस्त्री, जमाना बदलला," प्रशिक्षक माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "हिची ताकद एकदम अंगावर येते. चिमणी दमली की हात सुटेल."

"दमली तर ना," मिस्त्री म्हणाले. "आणि पडली तर तुमचं ते धूड उचलणार कोण? तुम्ही?"

"मला त्यातलं काही कळत नाही, दादा," आत्या दारातूनच म्हणाल्या. "पोरीला सुखरूप घरी आणील ती घ्या, म्हणजे झालं."

चिमणी माझ्या टाकीवर हात ठेवून उभी होती. "दोन्ही चालवून बघते," ती म्हणाली. "घड्याळ सांगेल तसं."

चाचणीच्या दिवशी सकाळी आम्हां दोघींना टेम्पोत घालून मैदानावर नेलं. नेताना टाकी रिकामी करतात, त्यामुळे पेट्रोल तिथेच भरायचं होतं. फोर-स्ट्रोकच्या कॅनचं झाकण झिजलं होतं आणि वाटेत त्यातून पेट्रोल झिरपायला लागलं. मिस्त्रींनी हाताला येईल ते फडकं घेतलं आणि कॅनच्या तोंडाभोवती करकचून बांधलं. माझा कॅन, माझ्या फडक्यासकट, टेम्पोत मागे राहिला.

आधी फोर-स्ट्रोकची फेरी झाली. वेळ चांगली लागली. प्रशिक्षक घड्याळ दाखवत हसले, आणि मिस्त्रींना ते लागलं. "आता हिची बघा," असं म्हणत ते माझी टाकी उघडून बसले. तोंडानं वाद चालूच होता. मी किती हलकी, किती चपळ, चढावर कशी उसळते. बोलता बोलता हात मागे गेला. फडकं बांधलेला कॅन हाताला लागला. त्यांनी तो माझ्या टाकीत रिकामा केला. तेल मिसळलेलं पेट्रोल जरा निळसर दिसतं. एकदा खाली बघितलं असतं तर कळलं असतं. पण डोळे प्रशिक्षकांकडे होते. माझी बाजू मांडता मांडता ते मलाच विसरले.

गरम होण्यासाठी दोन फेऱ्या मारल्या आणि मग चिमणीनं मला चढावर घातलं. अर्धा चढ मी अशी उडाले, की खालून शिट्ट्या आल्या. मग आतून कोरडं पडत गेलं. माझा आवाज बदलला. बारीक, कर्कश, किणकिणणारा. चिमणीला तो ऐकू आला. तिनं मान जराशी वळवली हे मला कळलं. पण माथा समोर दिसत होता. तिनं मूठ आणखी पिळली. मी ओरडले, मित्रांनो. मला येत होती त्या एकाच भाषेत ओरडले. मग पिस्टन जाम झाला, मागचं चाक थांबलं आणि आम्ही दोघी दगडांवरून खाली आलो.

चिमणीचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. संघातली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली, आणि पुढच्या वर्षी मनगट पुरतं वळेना म्हणून चिमणीला कुणी चाचणीलाही बोलावलं नाही.

दोन दिवसांनी मिस्त्रींनी माझं इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि आत तेलाचा ओलावाही नव्हता. ते उठले, कोपऱ्यात ठेवलेल्या दोन कॅनपाशी गेले. दोन्हींना फडकी होती. माझा अजून भरलेला होता. ते खाली जमिनीवरच बसले.

आत्यांनी दारातून विचारलं, "काय झालं रे हिला?"

त्यांनी माझा भरलेला कॅन मागे सरकवला. मग ते म्हणाले, "जुनी झाली."

एवढंच. त्यांनी मला तसंच बंद केलं आणि वर ताडपत्री टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. मला राग आला. नंतर वाईट वाटलं. तेही सरलं आणि नुसतं एकटं वाटू लागलं, ते मात्र काही केल्या जाईना.

हाताचं प्लॅस्टर निघण्याआधी चिमणी एकदा आली होती. ताडपत्रीचं टोक उचलून म्हणाली, "तू अशी वागशील असं वाटलं नव्हतं." मग टोक सोडून निघून गेली. त्यानंतर ती गॅरेजमध्ये रोज यायची, नवशिक्यांना गाडी शिकवायची, प्रशिक्षकांनी तिच्याकडेच ठेवलेल्या फोर-स्ट्रोकवर बसून जायची, पण माझ्याकडे बघायची नाही. माझ्या सीटवर रंगाचे डबे आले, मग जुनी बॅटरी, मग आत्यांची फुटकी बादली. सायलेन्सरमध्ये कोळ्यानं बिऱ्हाड थाटलं. कधी एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "खाली काय आहे हो?" आणि चिमणी म्हणायची, "काही नाही." आवाजाची सवय असलेल्या यंत्राला दुसऱ्यांचे आवाज ऐकत गप्प उभं राहावं लागणं फार कठीण असतं. शेजारची फोर-स्ट्रोक रोज सुरू व्हायची. मी मोजायचे. एक फेरी काम, एक फेरी दम.

"एकदाची भंगारात घाल की," आत्या म्हणायच्या.

"राहू दे," मिस्त्री म्हणायचे. त्यांनी मला कधी घालवलं नाही आणि कधी दुरुस्तही केलं नाही. गॅरेजमध्ये कुणी नसलं की ते येऊन ताडपत्रीवरून टाकीवर हात ठेवायचे आणि निघून जायचे. लेकीच्या मनगटाकडे मात्र त्यांनी ह्या सहा वर्षांत एकदाही सरळ पाहिलं नाही.

एके दिवशी दुपारी एक नर्सबाई आल्या. डोंगरावरच्या वस्त्यांवर औषधं घेऊन जायचं त्यांचं काम होतं. वाट सगळी दगडांची.

"मला दोन गाड्या मिळताहेत," त्या चिमणीला म्हणाल्या. "एक टू-स्ट्रोक, हलकी आहे. एक फोर-स्ट्रोक, पण पडली तर मला उचलवत नाही. काय घेऊ?"

"टू-स्ट्रोक अजिबात घेऊ नका," चिमणी म्हणाली. तिनं मनगट पुढे केलं. "हे बघा. ऐन चढावर दगा देते."

मिस्त्री कानशीनं काहीतरी घासत होते. कानस थांबली.

"दगा तिनं दिला नाही," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही अजूनही तिचीच बाजू..."

"चिमणे, मी दिला. साधं पेट्रोल घातलं मी. दुसऱ्याच कॅनला फडकं होतं, मी बघितलं नाही. दोन दिवसांनी कळलं. तू हात गळ्यात अडकवून बसली होतीस. सांगायचा धीर झाला नाही मला."

नर्सबाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सहा वर्षं, बाबा?"

"हो."

चिमणी बाहेर गेली. अंगणात पाठमोरी उभी राहिली. मिस्त्रींनी नर्सबाईंदेखत माझ्या ताडपत्रीवर हात ठेवला, आणि मित्रांनो, माझा सगळा राग त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. सहा वर्षं मला वाटत होतं की ह्या गॅरेजमध्ये एकटी मीच आहे.

थोड्या वेळानं ती परत आली. आधी नर्सबाईंकडे वळली. "तुम्ही हलकी घ्या. उचलता येईल तीच तुमची. फक्त पेट्रोल भरताना कुणाशी बोलू नका." मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "आज माझ्याशी बोलू नका. पण हिचं इंजिन उघडा."

डबे उतरले, बॅटरी उतरली, बादली उतरली. मिस्त्रींनी पिस्टन काढून तिच्या हातात दिला. चिमणी खिडकीशी गेली आणि ओरखड्यांवरून अंगठा फिरवत राहिली, वरून खाली, एकेका ओरखड्यावरून. मग ती रडायला लागली.

"तू ओरडत होतीस ना गं?" ती मला म्हणाली. "मी ऐकलं होतं. तरी मूठ पिळली."

मी पुन्हा धावेन की नाही, मला ठाऊक नाही. नवा पिस्टन शोधणं चालू आहे, आणि बाप-लेक अजून मोजकंच बोलतात. पण मित्रांनो, तुमच्या घरात ज्याला तोंड नाही असं काही राबत असेल, तर त्याचा आवाज बदलला की थांबा. आणि चूक आपली असली, तर त्याच दिवशी सांगून टाका. सहा वर्षं फार होतात हो.