वाल सांडण्याचा अर्थ

मुरबाडच्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवण्यासाठी एकच जागा निघाली होती, आणि ती मिळावी म्हणून मी इंग्रजी वाक्प्रचार पाठ करीत होते. मुलाखत इंग्रजीत होणार होती. सुयोग मला शिकवायचा. बी.एड.ला आम्ही एकाच वर्गात होतो. दर रविवारी मी टोकावड्याहून शहापूरला जायची आणि वाचनालयाच्या मागच्या पायरीवर आम्ही बसायचो. त्या जागेसाठी आपण अर्ज केलेला नाही, असे त्याने मला सांगितले होते.

"स्पिल द बीन्स. सांग अर्थ."

"बीन्स म्हणजे आपले वाल?"

"वालच."

भात कापून झाले की शेतात ओल मागे राहते, एखाद्या उच्चारलेल्या शब्दाच्या उबेसारखी. त्या ओलीवर आई वाल फोकून पेरते. मूठ सैल सोडते, मोजत नाही. "म्हणजे हातचे न राखता देणे," मी म्हणाले.

तो क्षणभर पाहत राहिला. मग हसला. "कवयित्री गो तू! बरोबर. लिही."

मी लिहिले. त्या होकाराने इतकी सैलावले, की जे घरी कधी बोलले नव्हते तेही बोलून गेले: बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी इंग्रजीत दोनदा नापास झाले होते. बाबा गावभर सांगत फिरतात, 'माजी संघरत्ना कदी नापास नाय झाली.'

"कुणाला बोलू नको हं."

"मी? येडी का तू?"

मुलाखत घ्यायला तिघे जण बसले होते. तुम्हालाच का निवडावे, असे मुख्याध्यापिकांनी विचारले. मी ताठ बसून म्हणाले, "आय विल स्पिल द बीन्स बिफोर एव्हरी चाइल्ड."

कोपऱ्यातले गृहस्थ खोकल्याआड हसले. बाई हसल्या नाहीत. त्या मराठीत म्हणाल्या, "म्हणजे नक्की काय करणार?"

"हातचे काही राखणार नाही."

"अहो, त्याचा अर्थ गुपित फोडणे." त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला. "इंग्रजीत दोनदा नापास झालात, हे खरे?"

"कोणी सांगितले?"

"सकाळच्या एका उमेदवाराने. सहज, बोलता बोलता."

टेबलावर उमेदवारांची यादी होती. पहिल्या ओळीत सुयोगची सही होती, वळणदार, घाई नसलेली.

एसटी स्टँडवरून मी त्याला फोन केला.

"वालांचा अर्थ मुद्दाम चुकीचा ठेवलास?"

"तुजा अर्थ इतका सुंदर होता गो, खोडावासा नाय वाटला."

"आणि नापास झाल्याचे?"

"जागा एकच होती, संघा."

मी फोन ठेवला. खोकणारे गृहस्थ टोकावड्याचेच होते; मी सांगण्याआधीच बातमी घरी पोचली असती. म्हणून घरी येताच चप्पलही न काढता मी बाबांना सगळे सांगितले.

ते ओटीवर दोरी वळत बसले होते. हात थांबले.

"दोनदा?"

"दोनदा."

"मंग पास झालीस ना?"

"झाले."

त्यांनी मान हलवली, दोरीचा पीळ पुन्हा धरला, आणि मला वाटले, संपले. मग माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले,

"त्या पोराला सांगितलंस, आन मला नाय?"