शाळेपाशी उजवीकडे

आर्लिसने पहारीचा तिसरा घाव घातला आणि ती तशीच पहारीवर रेलून उभी राहिली. एप्रिल निम्मा सरला तरी खालची जमीन दगडासारखी होती. पिकअपमध्ये हिरव्या पाट्या अजून चार उरल्या होत्या. प्रत्येक रस्त्याला एक अक्षर आणि प्रत्येक फाटकाला एक नंबर, असा हुकूम निघाला होता. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात, अख्ख्या वेल्डन काउंटीत माणसं जेमतेम सहाशे, एकमेकांची कुत्रीसुद्धा नावाने ओळखणारी. त्यांना नंबर कशाला हवे होते? हवे होते ते बाहेरच्यांना. काउंटीची स्वतःची ॲम्ब्युलन्स बंद पडल्यापासून गाडी शेजारच्या काउंटीतून यायची.

"तिथे नको खणूस!"

ऑर्फा टिंडल काठी टेकत पडवीच्या पायऱ्या उतरत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. एका खोलीच्या शाळेत त्यांनी पहिली ते आठवी सगळ्यांना एकत्र शिकवलं होतं, त्यामुळे पन्नाशीतली माणसंही त्यांना बाईच म्हणत. आर्लिस त्यातलीच.

"बाई, नियम आहे. पाटी फाटकाजवळच हवी."

"नियम मला शिकवतेस? साताच्या पाढ्यात दरवेळी अडायचीस तू."

एरवी आर्लिस हसली असती. आज तिच्या अंगात हसण्याइतकंही त्राण नव्हतं. ओसाड घरांनासुद्धा तिने नंबर लावले होते, कारण यादीत ती होती. हे एक फाटक मात्र ती तीन आठवडे टाळत आली होती.

शेरीफच्या कचेरीत मदतीचे फोन घेणं हे तिचं मूळ काम, पाट्यांचं नंतर गळ्यात पडलेलं. जानेवारीतल्या त्या दुपारी बाईंचा फोन तिनेच घेतला होता. त्यांचा नवरा वेंडेल गोठ्यात कोसळला होता. घर कुठे, हे तिला विचारावंही लागलं नाही. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने रस्ता विचारला तेव्हा तिने चटकन सांगून टाकलं, "सरळ या आणि शाळेपाशी उजवीकडे वळा."

शाळा पाडून तेवीस वर्षं झाली होती. त्या कोपऱ्यावर आता नुसतं गवत होतं. ड्रायव्हर शाळा शोधत अकरा मैल पुढे गेला, परत फिरला, आणि गाडी पोचली तेव्हा बाई वेंडेलच्या छातीवर आपला कोट घालून शेजारी बसल्या होत्या.

अंत्यविधीत आर्लिस मागच्या बाकावर बसली आणि जेवणाला न थांबता निघून गेली. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

"बाई," ती पहारीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तो ड्रायव्हर चुकला नव्हता. मी त्याला..."

"ठाऊक आहे. येऊन गेला तो. रडत होता बिचारा. म्हणाला, डोळ्यांत तेल घालून बघत होतो, पण शाळा काही दिसली नाही."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्याने मला विचारलं असतं, तर मीही तेच सांगितलं असतं." बाईंचा आवाज चिरकला. "तीन महिने रोज वाटतंय की तुला फाडून खावं. आणि रोज तिथूनच वळते गं मी. शाळेपाशी."

मग बाईंनी काठीने कोठाराकडे खूण केली.

"ट्रॅक्टरच्या मागे बघ. मला उचलवत नाही."

ट्रॅक्टरमागे धान्याच्या पोत्यात गुंडाळलेली एक फळी होती. आर्लिसने पोतं सोडलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, कडेला थोडी उडालेली: शाळा क्रमांक ९.

"पाडत होते त्या दिवशी वेंडेल घेऊन आला," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, कशाला हे लाकूड? म्हणाला, राहू दे, लागेल कधीतरी. तुझा नंबर लाव फाटकाला, मी नाही म्हणत नाही. पण आधी हे."

कोपरा दीड मैलावर होता. वाऱ्याने गवत आडवं पडत होतं. आर्लिसने पिकअपमधला एक जादा खांब काढला, ती फळी त्याला तारेने घट्ट बांधली आणि खड्ड्यासाठी रस्त्याच्या कडेला पहार रोवली. बाई गाडीतच बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली.

"आता तू सांगितलंस ते खरं झालं," त्या म्हणाल्या.

आर्लिसच्या डोळ्यांना धार लागली. तिने ती पुसली नाही, हात मातीने भरले होते.

"आणि जरा डावीकडे घे. दार तिथे होतं."

तिने मान वर करून गवताकडे पाहिलं आणि पहार दोन पावलं डावीकडे नेली. बाईंचं बरोबर होतं. दार तिथेच होतं.