साहेब बसत नाहीत

आपला जावई डॉक्टर आहे, हे साहेब भेटेल त्याला सांगत. कशाचा डॉक्टर, ते मात्र त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. खरं तर जावई मूळव्याधीचा सर्जन. पण पाणीपुरवठा खात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं चारचौघांत असलं काही उच्चारायचं म्हणजे काय! लेकीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, तेव्हा साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "हृदयाचे." झालं! त्या दिवसापासून जावई हृदयाचा. त्याला बिचाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

लेकीच्या घरी साहेब जात, पण बसत नसत. दारातच उभ्या उभ्या चौकशी करायची आणि निघायचं. "बाबा, बसा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नको, घाईत आहे." निवृत्त माणसाला कसली डोंबलाची घाई! पण ज्या घराचे हप्ते लोकांच्या बुडांवर फिटतात, तिथल्या सोफ्यावर साहेबांचं बूड काही टेकत नव्हतं. लेक सुरुवातीला रडली, भांडली. मग तिनं बसा म्हणायचंच सोडून दिलं.

तर एका सकाळी साहेब नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र घेऊन संडासात गेले. पहिल्या पानापासून हवामानापर्यंत सगळं वाचून झाल्याशिवाय तिथून उठायचं नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्या दिवशी जोर जरा जास्त लागला आणि साहेब उठले ते कळवळतच. हात लावून बघितलं, तर द्राक्षाएवढी टणक गाठ.

"अहो, काय झालं?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"काही नाही. पाठ धरलीय."

एकदा पाठ म्हटल्यावर पाठीचं मलम लावणं आलंच. तेही झोंबणारं. साहेबांनी ते आत नेऊन दुखत होतं तिथेच लावलं. हुशार माणूस! त्यानंतर त्यांनी जी उडी मारली, ती त्यांच्या वयाला शोभणारी नव्हती.

"जावयांना फोन करते," बायको म्हणाली.

"खबरदार! मेलो तरी बेहत्तर."

रात्रभर ते पालथे पडून होते. सकाळचा चहा ओट्याशी उभ्यानं घेतला. दुपारी औषधाच्या दुकानात गुपचूप जाऊन यावं म्हणून निघाले, तर जिन्यातच कळ आली. कठडा धरून उभे राहिले, घामानं डबडबले, चेहरा पांढराफटक. नेमका तेव्हाच इमारतीचा सेक्रेटरी समोर. एरवी गळका नळ दाखवायला बोलावलं तर सापडायचा नाही हा.

"साहेब! छातीत दुखतंय का?"

"छातीत नाही हो..."

"मग कुठे?"

आता आली का पंचाईत! साहेबांनी सेक्रेटरीकडे बघितलं, मागे जमलेल्या बायामाणसांकडे बघितलं आणि मुकाट्यानं हात छातीवर ठेवला.

मग काय विचारता! कुणी खुर्ची आणली, कुणी वारा घालायला लागलं. दोघांनी खांद्यांना धरून त्यांना खुर्चीत दाबून बसवलं, तशी साहेबांनी अशी काही किंकाळी फोडली की सेक्रेटरी ओरडला, "आला, झटका आला! डॉक्टरांना फोन लावा!"

जावई लेकीला घेऊन धावत आला. साहेब तोवर उठून पुन्हा कठड्याला लटकले होते. जावयानं आधी नाडी बघितली, रक्तदाब मोजला, छाती नीट तपासली. मग अगदी कानाशी वाकून विचारलं, "बाबा, बसता येतंय?"

साहेबांनी मान हलवली. नाही.

"बरं. चला माझ्याबरोबर."

"डॉक्टर," सेक्रेटरी मध्येच गहिवरून म्हणाला, "माझा कार्डिओग्राम तुम्ही बघितलात म्हणून मी आज जिवंत आहे."

"गोळ्या चुकवत नाही ना?" जावई शांतपणे म्हणाला.

गाडीत मागच्या सीटवर साहेब पालथे पडले. नाक सीटमध्ये खुपसलेलं, तरी राहवेना. "तुम्हाला कार्डिओग्राम कळतो?"

जावई समोर बघत गाडी चालवत राहिला. लेक मात्र गर्रकन मागे वळली. "तुम्ही गावभर सांगत सुटता आणि लोक कागद पाठवतात. हे प्रत्येक कागद घेऊन त्यांच्या हृदयवाल्या मित्राकडे पळतात. दर वेळी. का, तर तुमची मान खाली जाऊ नये!"

"जाऊ दे ग," जावई म्हणाला.

साहेबांचं तोंड सीटमध्ये होतं, ते बरंच होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात जावयानं तपासलं आणि समजावून सांगितलं. "मूळव्याधीच्या बाहेरच्या मोडात रक्त गोठून गुठळी झालीय. दुखतं भयंकर, पण जिवाला धोका नाही. ती हृदयाकडे वगैरे जात नाही. दुखणं ओसरायला लागलं असतं तर मी हातही लावला नसता, ती आपोआप जिरते. पण आत्ता ताजी आहे. जागा बधिर करून काढली तर लवकर आराम पडेल. यावर काही लावलंय?"

साहेबांनी मलमाचं नाव सांगितलं. नर्सनं तोंड भिंतीकडे फिरवलं. जावई हसला नाही.

"लाईनवर सारखं प्रेशर ठेवलं तर काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगू, बाबा? पाणी भरपूर प्या, भाज्या, फळं खा. टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसत जा. आणि वर्तमानपत्र बाहेरच्या खोलीत वाचा."

गुठळी निघाली. साहेब पाय फाकवत बाहेर आले, तर दारात सेक्रेटरी! स्कूटरवरून मागोमाग आलेला, आणि तोंड वर करून पाटी वाचत होता.

"डॉक्टर, इथे तर मूळव्याध लिहिलंय..."

"ही जागा माझ्या एका मित्रा..." जावयानं सुरुवात केली.

"पाटी बरोबर आहे," साहेब मोठ्यानं म्हणाले. बाहेर बाकावरचे पेशंटही बघायला लागले. "हे मूळव्याधीचे डॉक्टर आहेत. पहिल्यापासून. हृदयाचे म्हणून मीच थापा मारल्या, मला लाज वाटायची म्हणून. मला मूळव्याध झाली होती, ह्यांनी बरी केली."

सेक्रेटरीचा हात आपसूक छातीवर गेला. "मग माझ्या गोळ्या?"

"चालू ठेवा!" साहेब, लेक आणि जावई एकदम म्हणाले.

"आम्ही तुम्हाला घरी सोडतो," गाडीत लेक म्हणाली.

"नको. तुमच्याकडे चला. आईलाही तिकडेच बोलाव."

घराचं दार उघडून लेक सरळ आत गेली. सवयीनं तिनं बसा म्हटलं नाही. साहेब उंबऱ्यात क्षणभर घुटमळले आणि मग स्वतःच सोफ्यापाशी गेले.

"बाबा, आज पालथेच पडा," जावई घाईनं म्हणाला. "बधिरपणा उतरत असेल."

तो उतरलाच होता. साहेबांनी दोन्ही हात टेकले, दात आवळले आणि हळूहळू बसले. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

लेक पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकली. "दुखतंय ना, बाबा? उठा ना."

"दुखतंय," साहेब म्हणाले, आणि उठले नाहीत.